भरल्या घरात देवाची भूक



बोरघाटाकडे जाणाऱ्या वाटेवरचे पनवेल हे एकेकाळी बंदराचे आणि बाजारपेठेचे गाव होते. १८५२ साली येथे नगरपालिका स्थापन झाली. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि पनवेलच्या आसपासची भातशेती, मिठागरे व खाजणे नव्या शहराच्या आराखड्यात सामावली गेली. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आली. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी ते न्हावाशेवा या अटल सेतूचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबर २०२५ रोजी, ख्रिस्तजयंतीच्या दिवशीच, नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी विमानांची ये-जा सुरू झाली.

या वाढत्या शहराबरोबर आपली ख्रिस्ती कुटुंबेही वाढली. कोणी वसईहून आले, कोणी मुंबईच्या चाळीतून, कोणी गोव्याहून, कोणी मराठवाड्यातून. भाड्याच्या एका खोलीत ज्यांनी संसार मांडला, त्यांच्यापैकी अनेकांची मुले आज स्वतःच्या सदनिकेत राहतात. घरात पाणी आहे, वीज आहे, दाराशी वाहन आहे, मुले इंग्रजी शाळेत शिकत आहेत. या सर्वांसाठी देवाचे आभार मानावेत तितके थोडेच आहेत. परंतु याच वेळी एक प्रश्न प्रत्येक श्रद्धावंताने स्वतःला विचारायला हवा: घर भरले, तेव्हा अंतःकरणाची भूक कोठे गेली? आपल्या आजी-आजोबांना देवाची जी ओढ होती, ती आपल्यात उरली आहे का?

सुबत्ता हा शाप नव्हे

प्रथम एक गैरसमज दूर करू या. पवित्र शास्त्र संपत्तीला सरसकट दोष देत नाही. आब्राहाम गुराढोरांनी व सोन्यारुप्याने संपन्न होता. अरिमथाईकर योसेफ धनवान होता. त्याच्याच नव्या कबरेत प्रभूचे शरीर ठेवण्यात आले. बेथानीच्या घरात येशूला जेवू घालण्याइतकी ऐपत होती आणि त्या घरी जाणे प्रभूला आवडत असे. गरिबी ही आपोआप पुण्य ठरत नाही. उपाशी माणसाला प्रवचन नव्हे, भाकरी द्यावी लागते, हे संत याकोबाने आपल्या पत्रात स्पष्ट सांगितले आहे (याकोब २:१५-१६).

मग धोका कोठे आहे? अनुवादाच्या आठव्या अध्यायात मोशेने तो नेमका दाखवला आहे. चाळीस वर्षे रानात भटकलेली इस्राएली प्रजा आता सुपीक देशात प्रवेश करणार होती. रानात त्यांना रोजचा मान्ना रोज गोळा करावा लागे. उद्यासाठी साठवला तर तो नासत असे. त्यामुळे रोज सकाळी आकाशाकडे पाहण्यावाचून गत्यंतर नव्हते. आता मात्र स्वतःची शेते, स्वतःची घरे, वाढती गुरे आणि वाढते सोने त्यांच्या हाती येणार होते. मोशे त्यांना बजावतो की, पोट भरेल, घरे उभी राहतील, तेव्हा आपल्याच हाताच्या बळाने हे सारे मिळाले असे मनात येईल आणि परमेश्वराचा विसर पडेल. म्हणजे सुबत्तेचा पहिला परिणाम बंडखोरी हा नसतो. विसर हा असतो. माणूस देवाला नाकारत नाही; त्याला देवाची गरज वाटेनाशी होते.

प्रभू येशूने पेरणाऱ्याच्या दाखल्यात हीच गोष्ट शेतकऱ्याच्या भाषेत मांडली. काटेरी झुडपांत पडलेले बी मरत नाही. ते उगवते, पण चिंता, धन आणि सुखोपभोग यांच्यामुळे त्याची वाढ खुंटते व ते पिकत नाही (लूक ८:१४). येथे धनाबरोबर चिंतेचेही नाव आहे, हे लक्षात घ्यावे. घराच्या कर्जाचा हप्ता, मुलांचे शुल्क, नोकरीची अनिश्चितता यांनी मन व्यापले, तरीही देवाची भूक तशीच गुदमरते. सुखवस्तू माणसाला हे दोन्ही काटे एकदम लागू शकतात.

लावदिकीया येथील मंडळी

प्रकटीकरणाच्या तिसऱ्या अध्यायात एका सुखवस्तू ख्रिस्ती मंडळीला लिहिलेले पत्र आहे. लावदिकीया हे आजच्या तुर्कस्तानातील देनिझ्लीजवळचे प्राचीन शहर. सावकारी पेढ्या, काळी तलम लोकर आणि डोळ्यांचे औषध यांसाठी ते प्रसिद्ध होते. इसवी सन ६० च्या सुमारास तेथे मोठा भूकंप झाला, तेव्हा रोमची मदत न घेता या शहराने स्वतःच्या पैशाने पुन्हा उभारणी केली, अशी नोंद रोमन इतिहासकार टॅसिटसने केली आहे. कोणापुढे हात पसरावा लागत नाही, हा त्या नगराचा अभिमान होता.

उणीव होती ती पाण्याची. जवळच्या हिएरापोलिस येथे उष्ण झरे होते, कलस्सै येथे थंड पाणी होते. लावदिकीयाला मात्र दुरून नळाने आणलेले पाणी प्यावे लागे. ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली म्हणजे प्रभूने त्या मंडळीला कोमट का म्हटले ते उमजते. आपण श्रीमंत आहोत, आपल्याला कशाचीही उणीव नाही, असे ती म्हणत होती. प्रभूने तिला ती खरोखर काय आहे ते दाखवले: दरिद्री, आंधळी, उघडी. पेढ्यांच्या शहरात दारिद्र्य, औषधाच्या शहरात आंधळेपणा, वस्त्रांच्या शहरात उघडेपणा!

या पत्रात त्या मंडळीवर मूर्तिपूजेचा किंवा खोट्या शिकवणीचा आरोप नाही. उपासना चालू असावी, सभा भरत असाव्यात. तरीही प्रभू दाराबाहेर उभा राहून दार ठोठावतो आहे. आपल्या घरांना आज जाळीचे सुरक्षा-दार आहे, प्रवेशद्वारावर रखवालदार आहे, पाहुण्याला वर येण्याआधी परवानगी घ्यावी लागते. या गोष्टी गरजेच्या आहेत. परंतु प्रभूही असाच फाटकाशी थांबून राहिला आणि आतून कोणी उत्तरच दिले नाही, असे तर होत नाही ना?

नम्रता म्हणजे माती

आत्मिक भूक आणि नम्रता ही जुळी भावंडे आहेत. ज्याला आपण अपुरे आहोत हे कळते त्यालाच भूक लागते. युरोपातील भाषांत नम्रतेसाठी असलेला शब्द लॅटिनमधील माती या अर्थाच्या शब्दाशी नाते सांगतो. राखेच्या बुधवारी कपाळावर राख घेताना आपण हेच सत्य स्वीकारतो. अविलाच्या संत तेरेजा यांनी नम्रता म्हणजे सत्यात चालणे, असा अर्थ सांगितला. स्वतःला कमी लेखणे, गुण असून नाहीत म्हणणे, ही नम्रता नव्हे. जे आहे ते कोणाकडून मिळाले हे ओळखणे, ही नम्रता.

पनवेलमध्ये राहणाऱ्याला हे सत्य मातीतच वाचता येते. ज्या इमारतींत आपण राहतो, त्यांच्याखाली कोणाची तरी भातखाचरे होती. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी आंदोलन झाले आणि पोलिसांच्या गोळीबारात पाच जण मृत्युमुखी पडले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना त्या लढ्यातून पुढे आली. विमानतळासाठी चिंचपाडा, कोल्ही, कोपर, तरघर यांसह दहा गावांतील वस्त्यांनी आपली घरे व देवळे सोडली. आपल्या सोयीसुविधांत इतरांच्या त्यागाचा असा वाटा आहे. आपल्याच कष्टाने सारे मिळाले, असे म्हणणाऱ्याने पायाखालच्या मातीकडे एकदा पाहावे.

याच विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापण्यात आली, सखल खाजणांत भराव घालण्यात आला आणि उलवे नदीचा प्रवाह वळवण्यात आला. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने यशया संदेष्ट्याच्या शब्दांत प्रभूच्या वाटेविषयी हेच सांगितले होते: डोंगर खाली यावेत, दऱ्या भरून निघाव्यात (लूक ३:४-५). माणसांच्या प्रवासासाठी टेकडी सपाट करायला आपण तयार होतो. प्रभूच्या येण्यासाठी मनातील टेकडी कापायला तयार आहोत का?

मंदिरात प्रार्थनेला गेलेल्या परूशी व जकातदाराचा दाखला आपण पुष्कळदा ऐकला आहे (लूक १८:९-१४). पुन्हा वाचताना एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. परूशी देवाचे आभार मानतो, उपवास व दशांश यांचा हिशेब देतो. पण देवाकडे काहीच मागत नाही. त्याला कशाचीही गरज नाही. जकातदाराजवळ मात्र दयेच्या याचनेवाचून दुसरे काहीच नाही. म्हणून एकाचे हात भरलेलेच राहिले आणि ते घेऊ शकले नाहीत. दुसऱ्याचे रिकामे होते, ते भरले गेले.

शनवार तेल्यांचा धडा

भूक आपोआप टिकत नाही; ती राखावी लागते. हे कसे करावे, याचा एक धडा आपल्याच जिल्ह्याच्या इतिहासात आहे.

रायगड जिल्ह्यातील, म्हणजे जुन्या कुलाबा जिल्ह्यातील, बेने इस्राएल समाज आपणा सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आले. शतकानुशतके हे लोक कोकणातल्या खेड्यांत राहिले, मराठी बोलू लागले, मराठी पोशाख करू लागले. तेलाचा घाणा हा त्यांच्यातील अनेकांचा व्यवसाय होता. ग्रंथ नव्हते, गुरू नव्हते. पुष्कळ विधी विस्मृतीत गेले. तरी एक गोष्ट त्यांनी सोडली नाही. शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. शेजाऱ्यांनी त्यांना नावच दिले, शनवार तेली. पनवेलमध्ये १८४९ साली बांधलेले त्यांचे बेथ एल हे प्रार्थनामंदिर आजही उभे आहे. १९४८ नंतर या समाजातील बहुतेक कुटुंबे इस्राएलला गेली.

हातावर पोट असलेल्या तेल्याने आठवड्यातून एक दिवस घाणा बंद ठेवणे म्हणजे सातव्या भागाची कमाई सोडणे होय. ते तेली श्रीमंत नव्हते. परंतु त्या एका रिकाम्या दिवसाने, आपण कोण आणि कोणाचे, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या आठवत राहिले. बाकी सारे विसरले तरी तो दिवस त्यांना देवाशी बांधून ठेवत होता.

आपल्याला प्रभूचा दिवस रविवार दिला आहे. संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९८ साली आपल्या प्रेषितीय पत्रात या दिवसाचे महत्त्व सविस्तर विशद केले. आज आपल्या रविवारचे काय होते? मुलांचा शिकवणी वर्ग, खरेदी, पावसाळी सहल, लग्नाचे जेवण, राहिलेले कार्यालयीन काम. आणि या सर्वांत जमले तर मिस्सा. ज्यांची त्या दिवशी नोकरीच असते, परिचारिका, चालक, रखवालदार, त्यांची गोष्ट निराळी. शनिवारी संध्याकाळची मिस्सा त्यांच्यासाठीही आहे. पण ज्याला निवड करता येते, त्याने विचार करावा: गरीब तेल्याला जे परवडले, ते आपल्याला का परवडत नाही?

उपवासाचा हरवलेला अर्थ

देहाची भूक ही आत्म्याच्या भुकेची शिक्षिका आहे, हे ख्रिस्तसभेने नेहमीच ओळखले. आपल्यातील वृद्धांना आठवत असेल की, पूर्वी ख्रिस्तशरीर स्वीकारण्यासाठी मध्यरात्रीपासून अन्नपाणी वर्ज्य असे. १९५३ साली पोप पायस बारावे यांनी पाण्याने हा उपवास मोडत नाही असे ठरवले. १९५७ साली अन्नासाठी तो तीन तासांवर आणला. १९६४ साली पोप पॉल सहावे यांनी तो एक तासाचा केला. आजही ख्रिस्तशरीर स्वीकारण्यापूर्वी एक तास अन्न व पेय वर्ज्य आहे. पाणी व औषध चालते. वृद्ध, आजारी आणि त्यांची शुश्रूषा करणारे यांना सूट आहे.

ही सवलत माता ख्रिस्तसभेने प्रेमाने दिली, म्हणजे कामकरी व दुर्बळ माणसालाही प्रभुभोजनापासून दूर राहावे लागू नये. पण सवलत मिळाली आणि अर्थ निसटला, असे होऊ नये. एक तास हा मिस्सेच्या वेळात जवळजवळ सामावून जातो. म्हणून तो आपण पाळतो आहोत की तो आपोआप पाळला जातो, हे प्रत्येकाने पाहावे.

वर्षातून दोन दिवस, राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार, उपवास व मांसाहारवर्ज्य बंधनकारक आहे. उपवासाचा नियम १८ वर्षे पूर्ण झालेल्यांपासून साठाव्या वर्षाच्या आरंभापर्यंत, तर मांसाहारवर्ज्याचा नियम १४ वर्षे पूर्ण झालेल्या सर्वांना लागू आहे. मटणाऐवजी हॉटेलातील महागडे मासे मागवले, तर नियम अक्षरशः पाळला जाईल, पण भूक मात्र लागणार नाही. यशयाच्या ५८ व्या अध्यायात देवाला आवडणारा उपवास कोणता ते सांगितले आहे: आपली भाकरी भुकेल्याबरोबर वाटून घेणे. सोडलेल्या जेवणाची किंमत गरिबाच्या ताटात पोहोचली, म्हणजे उपवास पूर्ण होतो.

वसईचा व्यापारी, नागासाकीचा साक्षी

सुबत्तेतही भूक जिवंत ठेवणारा एक संत आपल्याच भूमीत जन्मला. संत गोन्सालो गार्सिया यांचा जन्म १५५७ च्या सुमारास वसई येथे झाला. वडील पोर्तुगीज, आई येथली. येशूसंघीयांच्या सहवासात ते वाढले आणि त्यांच्याबरोबर जपानला गेले. तेथील भाषा आत्मसात करून त्यांनी धर्मशिक्षक म्हणून सेवा केली. येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्यांची उत्कट इच्छा होती. ती पूर्ण झाली नाही. मग त्यांनी व्यापार सुरू केला आणि त्यात त्यांचा चांगला जम बसला.

निराश झालेल्या माणसाला येथेच थांबता आले असते. नकार मिळाला, पैसा मिळाला, मान मिळाला. मनाची समजूत काढायला एवढे पुरे होते. पण त्यांची भूक शमली नाही. मनिला येथे त्यांनी फ्रान्सिसकन संघात प्रवेश घेतला, तोही धर्मगुरू म्हणून नव्हे, साधा बंधू म्हणून. पुढे दुभाषी म्हणून ते पुन्हा जपानला गेले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे पंचवीस साथीदारांसह क्रुसावर हुतात्मा झाले. ८ जून १८६२ रोजी त्यांना संतपद बहाल करण्यात आले. त्यांच्या जीवनात नम्रता आणि भूक एकत्र दिसतात. नकाराने ते कडवट झाले नाहीत आणि यशाने ते तृप्त झाले नाहीत.

दाराशी पडलेला लाजर

श्रीमंत माणूस व लाजर यांच्या दाखल्यात (लूक १६:१९-३१) श्रीमंताने लाजराला मारले किंवा हाकलले असे म्हटलेले नाही. त्याला तो दिसलाच नाही. सुबत्तेने प्रथम भूक जाते आणि मग दृष्टी.

१९८८ साली मुंबईत डॉ. भरत वाटवानी व डॉ. स्मिता वाटवानी या मानसोपचारतज्ज्ञ दांपत्याने एका तरुणाला करवंटीने गटारातील पाणी पिताना पाहिले. त्यांनी त्याच्यावर उपचार केले. तो बरा झाला, तेव्हा कळले की तो पदवीधर आहे. यातून श्रद्धा पुनर्वसन संस्था उभी राहिली. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना घरी पोहोचवण्याचे तिचे केंद्र पनवेलच्या शेजारी कर्जत येथे आहे. २०१८ साली डॉ. भरत वाटवानी यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या रस्त्याने त्या दिवशी कितीतरी माणसे गेली असतील. दोघे थांबले.

पनवेलच्या आसपास कातकरी वाड्या आहेत. तेथील अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर राबायला हंगामी स्थलांतर करतात आणि मुलांची शाळा सुटते. आपल्या इमारतींच्या विटा अशाच हातांनी थापल्या जातात. परमगुरू लिओ चौदावे यांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या पहिल्या प्रेषितीय बोधपत्राचा विषय गरिबांवरील प्रेम हाच आहे. गरिबाला आपण काही देतो, हे अर्धे सत्य. त्याच्याकडून आपल्याला भूक पुन्हा शिकता येते, हे उरलेले अर्धे.

घरात काय करता येईल?

१. रविवारची मिस्सा ठरवून मग बाकीचा दिवस आखावा. आठवड्यातून एक संध्याकाळ दूरदर्शन व मोबाईल बंद ठेवून कुटुंबाने एकत्र रोझरी म्हणावी.

२. शुक्रवारी एक आवडता पदार्थ सोडावा. त्याची रक्कम एका डब्यात टाकावी आणि महिन्याअखेरीस ती गरजू कुटुंबासाठी द्यावी. हा डबा मुलांच्या हाती असावा.

३. मुलांनी मागितलेली प्रत्येक वस्तू लगेच आणू नये. वाट पाहणे ही भुकेची पहिली शाळा आहे.

४. घरकाम करणाऱ्या ताई, रखवालदार दादा, सफाई करणारे काका यांची नावे घरातील प्रत्येकाला ठाऊक असावीत आणि त्यांना आदराने हाक मारावी. त्यांचे वेतन वेळेवर द्यावे.

५. पापनिवेदनाला जाताना केवळ काय चुकले हे न पाहता, कशाची भूक उरली नाही, हेही तपासावे.

यांत अवघड असे काही नाही. पण या लहान रिकाम्या जागा राखल्या नाहीत, तर आपल्या मुलांना आपण घर, शिक्षण व बँकेतील ठेव देऊ. जे आपल्याला आजी-आजोबांकडून मिळाले ते मात्र देऊ शकणार नाही. त्यांच्या पिढीत ते कोठून येणार?

पवित्र मरियेने आपल्या स्तोत्रात देवाचा न्याय गायिला आहे: भुकेले तृप्त होतात, धनवान रिकामे परततात (लूक १:५३). मरिया स्वतः देवापुढे रिकाम्या हातांनी उभी राहिली, म्हणून शब्द तिच्या ठायी देह धारण करू शकला. तिच्या मध्यस्थीने आपण प्रार्थना करू या:

हे प्रभो, तू आम्हांला पुष्कळ दिलेस. आता तुझ्यासाठी थोडी जागा रिकामी ठेवण्याची बुद्धी दे. आमची ताटे भरलेली असताना तुझी भूक आमच्यात जागी ठेव, आणि दाराशी उभ्या असलेल्या तुझ्या गरिबांत तुला ओळखण्याची दृष्टी आम्हांला दे. आमेन.